यंत्र विकतचं, बी घरचं

नमस्कार, श्रोतेहो. ओट्यावर ठेवायची पाण्यातली बाग, म्हणजे हायड्रोपोनिक्सचं ते दिव्याचं छोटं यंत्र, आता बऱ्याच घरांत दिसतं. सोबत आलेल्या बियांच्या कुप्या संपल्या की मात्र बाग रिकामी पडते, कारण नव्या कुप्या महाग पडतात. पण त्या कुपीत असतं काय? जाळीचा कप, स्पंजचा तुकडा, दोन-चार बिया आणि वर कागदाची चकती. बस्स. बी कंपनीचं की वाण्याकडचं, हे यंत्राला कळत नाही.

कप टाकू नका. जुनी मुळं काढून घासून धुतले की पुन्हा चालतात. स्पंजसाठी गादीवाल्याकडचा मऊ, साधा फोम आणा आणि अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापा. वरून अर्ध्यापर्यंत एक चीर द्या. भांडी घासायचा स्पंज नको, त्यातल्या काहींना जंतुनाशक लावलेलं असतं. तुकडा पाण्याखाली धरून, बुडबुडे थांबेपर्यंत पिळा. आत हवा राहिली तर स्पंज बाहेरून ओला आणि बी कोरडं, असा प्रकार होतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पंपाच्या यंत्रात टाळलेलाच बरा. त्याचा भुगा जाळीतून गळतो आणि पंपात अडकतो.

आता बी. स्वयंपाकघरातले धणे चालतात, पण ते किती जुने आहेत ते कळत नाही. म्हणून दहा दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन आठवड्यांत सहा-सात उगवले तर बी चांगलं. धण्याच्या एका गोळीत दोन बिया असतात, म्हणून लाटणं हलकं फिरवून त्या वेगळ्या करायच्या आणि रात्रभर भिजवायच्या. आपल्या देशी पालकाची गंमत वेगळी. तो बिटाच्या कुळातला. त्याचं ‘बी’ म्हणजे खरं तर बियांचा गुच्छ, एका गोळीतून दोन-तीन रोपं येतात. जास्तीची रोपं उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळंही निघून येतात. कात्रीने कापा. लेट्यूसचं बी चिरेत खोल दाबू नका, वरच ठेवा. त्याला उगवायला उजेड हवा, आणि पाणी-हवा तीस अंशांच्या वर गेली की ते झोपूनच राहतं. एप्रिल-मेमध्ये उगवण होत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष बियाचा नसतो, उन्हाळ्याचा असतो.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा लाल दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. पेरायला हरकत नाही, पण हात धुवा आणि उरलेलं खाण्यात जाऊ देऊ नका. संकरित टोमॅटोचं बी धरून पुढच्या खेपेला लावलंत, तर रोप उगवेल, पण फळ आधीसारखं येईलच असं नाही. आणि मेथी? उगवते झकास, पण तिला दाट पेरणी लागते. सहा कप तिच्यावर अडवण्यात अर्थ नाही. एखाद्या ट्रेमध्येच लावा.

इथपर्यंत सगळं सोपं. माणसं चुकतात ती खतात. कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी एकोणीस टक्के असलेलं खत, आणून पाण्यात टाकलं जातं. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू ते फोडून देतात, नुसत्या पाण्यात ते काम नीट होत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नाही आणि मॅग्नेशियमही नाही. लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, त्याचं एक कारण हेच.

कागद-पेन घ्या. पालेभाजीसाठी दहा लिटर पाण्याला: कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३ ग्रॅम, ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं इतकी थोडी लागतात की घरच्या काट्यावर मोजता येत नाहीत. म्हणून एक लिटर पाण्यात बारा टक्क्यांचं चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहील अशा रूपातलं) लोह २ ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण २ ग्रॅम विरघळवून ठेवा. दहा लिटरला त्यातलं १०० मिलिलिटर. बाटली अंधारात ठेवा, उजेडाने लोहाचं चिलेट मोडतं.

कॅल्शियम नायट्रेट नेहमी वेगळ्या मगात विरघळवा आणि सगळ्यात शेवटी घाला. दाट द्रावणात ते फॉस्फेट-सल्फेटला भेटलं की पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे रोपाला न मिळालेलं खत. रोपं कोवळी असताना हेच पाणी निम्मं पातळ करून द्या. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, पूर्ण ताकदीचं पाणी ७०० ते ८०० दाखवेल. नळाचं किंवा बोअरचं पाणीच ३०० च्या वर असेल तर निम्मं आरओचं मिसळा.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते साडेसहा ठेवा. त्याहून वर गेला की लोह हाती लागत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लिंबू पिळून सामू उतरतो खरा, पण दोन दिवसांत पुन्हा चढतो, कारण त्यातलं आम्ल जिवाणू खाऊन टाकतात. हायड्रोपोनिक्ससाठी मिळणारं पातळ फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबाने वापरा, हातमोजे घालून.

स्पंजवर हिरवं शेवाळ आलं म्हणजे ओलाव्यावर उजेड पडतोय. काळ्या कागदाची चकती मध्ये भोक पाडून कपावर बसवा. पाणी दर दोन आठवड्यांनी पूर्ण बदला. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होऊन वास मारू लागला, तर पाणी गरम झालंय आणि त्यात प्राणवायू कमी पडलाय. टाकी धुवा, सावलीत आणा.

आणि पुदिन्यासाठी तर बीसुद्धा नको. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं खुडा आणि पेरांखाली कापून साध्या पाण्यात उभ्या करा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटली की स्पंजच्या चिरेत बसवा. मात्र पुदिन्याला कडेचा कप द्या. मधला दिलात तर महिन्याभरात शेजारच्यांच्या मुळांत त्याचीच मुळं गुंतलेली सापडतील.