दारावर नोटीस लागल्यावर

नमस्कार श्रोतेहो,

धायरी, कात्रज, वाघोली, चिखली, पुण्याच्या कुठल्याही बाजूला जा, कर्जावर घेतलेली घरं दिसतात. त्यातल्या एखाद्या दारावर बँकेची नोटीस डकवली जाते आणि घरातल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की आपण कधी न उचललेलं कर्ज आपल्या घरावर आहे. एजंटाने बॅलन्स ट्रान्सफरच्या, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवण्याच्या, नावाखाली सह्या घेऊन टॉप-अपचे, म्हणजे त्याच घरावर काढलेल्या वाढीव कर्जाचे, पैसे परस्पर लाटलेले असतात. कुठे बिल्डरने विकलेला फ्लॅट पुन्हा गहाण टाकलेला असतो, तर कुठे बनावट खरेदीखतं करून एकाच फ्लॅटवर दोन बँकांकडून कर्ज काढलेलं असतं.

अशा वेळी माणूस आधी पोलिसांकडे धावतो. ते बरोबरच आहे. चौकीत तक्रार द्या, रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. पण एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो: पोलिसांत तक्रार दिली म्हणून बँकेची वसुली थांबत नाही.

सिंहगड रोडवरच्या एका काकूंचं उदाहरण सांगतो. यजमान गेलेले, मुलगा बाहेरगावी. ओळखीतल्या एजंटाने व्याजदर कमी करून देतो म्हणून कागदांवर सह्या घेतल्या. नोटीस आली तेव्हा काकूंनी लगेच तक्रार दिली, पोचपावती फाइलला लावली आणि आता बँक काही करू शकणार नाही असं समजून त्या निर्धास्त झाल्या. नोटिशीला उत्तर दिलंच नाही. मग दारावर दुसरा कागद लागला, प्रतीकात्मक ताब्याचा, म्हणजे घर बँकेने कागदोपत्री ताब्यात घेतल्याचा, आणि तोच वर्तमानपत्रातही छापून आला.

ही वसुली चालते 2002 च्या सरफेसी कायद्याने, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मिळकत ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याने. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. मग कलम 13(2) ची नोटीस येते आणि पैसे भरायला 60 दिवस मिळतात. या साठ दिवसांत बँकेला लेखी हरकत द्यायची. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने कारणांसह उत्तर दिलं पाहिजे, असं कायदाच सांगतो. फसवणूक झाली आहे हे सगळं त्या हरकतीत यायला हवं: कुठली सही माझी नाही, पैसे कोणाच्या खात्यात गेले, कर्ज देण्याआधी घराची पाहणी करायला कोण आलं होतं. बँकेच्या पॅनेलवर वकील असतात, मूल्यांकन करणारे असतात. त्यांनी डोळे उघडे ठेवले असते तर यातली कितीतरी प्रकरणं घडलीच नसती, आणि त्याचा भुर्दंड म्हाताऱ्या बाईने का सोसायचा? हे बँकेला लेखी विचारा, कचरू नका.

नोटिशीतलं मिळकतीचं वर्णन बोट ठेवून वाचा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा. आपल्या खरेदीखताशी आणि इंडेक्स टूशी, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्ताच्या गोषवाऱ्याशी, ताडून पाहा. बनावट कागदांत पुष्कळदा इथेच घोळ सापडतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या फ्लॅटचे आणखी कुठले दस्त नोंदले गेलेत ते दिसतं. सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोडी फी भरून, फ्लॅटवर आणखी कुठल्या बँकेचा बोजा नोंदलेला आहे का, तेही पाहता येतं.

काकूंकडे परत येतो. ताब्याची कारवाई झाल्यावर डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, 45 दिवसांत अर्ज करता येतो. ते पुण्यातही आहे. कलम 17 खालचा तो अर्ज काकूंनी केला, त्यासोबत पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडली आणि तातडीने स्थगिती मागितली. हे राहून गेलं असतं तर पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पोलीस बंदोबस्त आणि प्रत्यक्ष ताबा. साध्या दिवाणी कोर्टात सहसा जाता येत नाही. बँकेची स्वतःचीच कृती कपटाची असेल तर त्याला अपवाद आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली म्हटलं, पण ती वाट फार अरुंद आहे. थकबाकी भरून घर सोडवायची मुभासुद्धा लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असते.

बिल्डरने गहाण टाकलं असेल तर रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम 11 हाताशी ठेवा. करारानंतर केलेल्या गहाणाने ग्राहकाच्या हक्काला बाधा येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना नोटिशीचं पाकीटही न्या, मुदत मोजताना त्यावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो.

आणि एक. पेपरात नाव-पत्ता छापून आला की फोन यायला लागतात. ‘घर वाचवून देतो, फक्त कुलमुखत्यारपत्र करा, नाहीतर तात्पुरतं खरेदीखत करून द्या.’ कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणं. हे लोक आधीच पोळलेल्याला पुन्हा लुटतात. सही करू नका. सावकारीच्या व्यवहारात असं खरेदीखत आधीच लिहून दिलं असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. चौकशीत ते सावकारीपोटी लिहून घेतल्याचं ठरलं, तर मिळकत परत देण्याचा आदेश ते काढू शकतात.