दीपगृहाची बोट आणि लिलीचं चित्र

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जायचंय, इंग्लंडला, कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्ज हे समुद्रकाठचं गाव. तिथल्या टेट गॅलरीत २०१८ साली इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या लिखाणावरून एक प्रदर्शन भरलं होतं. ऐंशीच्या वर कलाकार आणि बहुतेक सगळ्या बायका, लक्षात ठेवा बरं का, ऐंशीच्या वर! व्हेनेसा बेल, लॉरा नाइट, ग्वेन जॉन या जुन्या, आणि त्यांच्या शेजारी आजच्या चित्रकार.

आता याच गावात का, तर ऐका. व्हर्जिनिया लहान असताना सगळं कुटुंब दर उन्हाळ्यात लंडनहून इथे यायचं, टॅलंड हाउस नावाच्या घरात, समोर समुद्र आणि पलीकडे बेटावर गॉड्रेव्हीचं दीपगृह. ही भावंडं हाताने लिहून घरचा पेपर काढायची, बातम्याही घरच्याच. (आपल्या शाळांतली हस्तलिखितं परत सुरू करा हो, मुलं त्यातूनच लिहायला शिकतात, हे मी सांगतच राहणार.) तर सप्टेंबर १८९२ च्या अंकात बातमी आहे, की मित्र आले, दीपगृहावर चला म्हणाले, वारा छान, भरतीही जमून आलेली, भाऊ थोबी आणि व्हर्जिनिया निघाले, आणि धाकट्या एड्रियनला मात्र जाऊ दिलं नाही, तो फार हिरमुसला. बस, एवढीच बातमी! व्हर्जिनिया दहा वर्षांची, एड्रियन आठचा. १८९५ ला आई गेली आणि ते उन्हाळे संपले. पुढे १९२७ ला व्हर्जिनियाची 'टू द लाइटहाउस' ही कादंबरी आली, आणि सुरुवातीलाच काय? सहा वर्षांच्या जेम्सला दीपगृहावर जायचंय आणि वडील म्हणतात, उद्या हवा चांगली नसणार. गाव तिने स्कॉटलंडमधलं दाखवलंय, पण ते हिरमुसलेलं पोर इथलंच, मला तरी दरवेळी भरून येतं.

त्याच कादंबरीत लिली ब्रिस्को चित्र काढत असते आणि घरातला एक पाहुणा तिला ऐकवतो, बायकांना चित्रं जमत नाहीत, लिहिणंही जमत नाही. लिली काढतच राहते. त्याला उत्तर म्हणून मला त्या प्रदर्शनातल्या बायका दिसतात, समुद्र, घरातल्या खोल्या, स्वतःचे चेहरे रंगवणाऱ्या. प्रदर्शन पुढे चिचेस्टर आणि केंब्रिजलाही गेलं.

कादंबरी वाचणार असाल तर मधला भाग जड जाईल, तिथे दहा वर्षं भराभर जातात आणि जेम्सच्या आईचं मरण नुसतं कंसातल्या एका वाक्यात येतं. तिथे पुस्तक मिटू नका, लिलीचं चित्र त्याच्या पुढे आहे.