दाब चढतो, शरीर गप्प राहतं

(दृश्य: दंडावर बीपीचा पट्टा आवळला जातो. आकडा थांबतो : १८० वर ११०.)

"मला तर काहीच त्रास होत नाही." किडनीच्या ओपीडीत हे वाक्य वारंवार कानावर पडतं, आणि बोलणारा खरंच सांगत असतो.

दाब चढवणारी साखळी आता चांगली ठाऊक आहे. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडला आणि त्याचा रक्तदाब वाढला. अर्कातल्या त्या द्रव्याला त्यांनी नाव दिलं रेनिन. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडे जाणारी धमनी चिमट्याने अरुंद केली. किडनीला रक्त कमी पडलं, तिने जणू सगळ्या शरीराचाच दाब घसरलाय असं धरून रेनिन सोडलं. त्यातून तयार होणारं अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं, मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्या हीच साखळी तोडतात.

पण मग शरीर बोलत का नाही?

(दृश्य: मेंदूचा उभा छेद. मेंदूचा देठ उजळतो.)

१९७५ मध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एनकेफॅलिन वेगळं केलं. अफूतलं मॉर्फिन पेशींवरच्या ज्या जागी बसतं, तिथेच बसणारं हे शरीराचं स्वतःचं रसायन. अशा जागा मेंदूच्या देठातही आहेत, धमन्यांमधला दाब किती हे सांगणारे मज्जातंतू जिथे येऊन पोचतात तिथेच. वेदना दाबणारी आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा इतकी शेजारी शेजारी आहे.

प्रयोगशाळेत किडनीची धमनी आवळून दाब वाढवलेले उंदीर गरम पत्र्यावर ठेवले, तर ते पाय उशिरा उचलतात. नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडची (मॉर्फिन, एनकेफॅलिन यांसारख्या द्रव्यांची) जागा अडवणारं औषध, दिलं की ही बधिरता ओसरते. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. बीपी जास्त असलेल्या माणसांनाही वेदना कमी जाणवते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मात्र त्यांच्यात नॅलोक्सोन दर वेळी फरक पाडत नाही. तेव्हा सगळं श्रेय एका एनकेफॅलिनला देता येत नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली किडनीच्या नलिका.)

आणि एनकेफॅलिन तोडणारं एन्झाइम, नेप्रिलायसिन, शरीरात भरपूर कुठे सापडतं? किडनीच्या याच नलिकांच्या आतल्या कडेवर.