जेनिफर केंडल : फिरत्या कंपनीतली नटी

नमस्कार मंडळी.

एखाद्या ब्रिटिश अभिनेत्रीवर बोला, असं कार्यकारिणीने सुचवलं तेव्हा डोळ्यांसमोर आधी ज्युडी डेंच, मॅगी स्मिथ अशी नावं आली. पण त्यांच्याबद्दल इथे सतत काही ना काही छापून येतच असतं. मी आज बोलणार आहे जेनिफर केंडल यांच्याबद्दल. आपल्यातल्या बहुतेकांना त्या 'शशी कपूरची गोरी बायको' म्हणून ठाऊक असतात, आणि आपल्या इंग्रज शेजाऱ्यांना, सांगितलंच तर, 'अभिनेत्री फेलिसिटी केंडलची थोरली बहीण' म्हणून. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत, पण दोन्ही दुसऱ्या कुणाच्या तरी आहेत.

जन्म इंग्लंडमधल्या साउथपोर्टचा. वडील जेफ्री मूळचे ब्रॅग; रंगभूमीसाठी त्यांनी आपल्या गावाचं, केंडलचं, नाव आडनाव म्हणून घेतलं. आई लॉरा लिडेलही नटीच. दोघांची 'शेक्सपिअराना' ही नाटक कंपनी. १९४७ साली बाकीचे इंग्रज चंबूगबाळं आवरून मायदेशी निघाले होते आणि हे कुटुंब मात्र नाटकं घेऊन भारताच्या दौऱ्यावर आलं! मिशनऱ्यांच्या शाळा, संस्थानिकांचे राजवाडे, जिथे बोलावणं येईल तिथे प्रयोग. शेक्सपिअर मुख्य, सोबतीला शॉ आणि शेरिडन. आपल्या संगीत नाटक मंडळींच्या बिऱ्हाडांच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हे जग वेगळं समजावून सांगायला नको. पुढे बंगाली रंगभूमी गाजवणारे उत्पल दत्त याच कंपनीत काही काळ काम करत होते. जेनिफर वाढल्या त्या अशा बिऱ्हाडात, आणि अभिनय शिकल्या त्या प्रयोगांतच.

१९५६ साली कलकत्त्यात त्यांची शशी कपूरांशी गाठ पडली. तेही फिरत्या कंपनीतलेच, वडिलांच्या पृथ्वी थिएटर्समधले. जेफ्रीसाहेबांना हे प्रकरण मुळीच रुचलं नाही. मुलगी गेली म्हणजे कंपनीची नायिका गेली, हे दुःख बापाच्या दुःखाहून मोठं असावं, असा माझा तरी अंदाज आहे. १९५८ मध्ये लग्न झालं. नवरदेव वीस वर्षांचे, वधू चार-पाच वर्षांनी मोठी.

केंडल मंडळींच्या दौऱ्यांवर बेतलेला 'शेक्सपिअर वाला' हा चित्रपट १९६५ साली आला. त्यात फेलिसिटी नायिका, आईवडील महत्त्वाच्या भूमिकांत आणि जेनिफर अगदी छोट्या कामात. त्यातला एक प्रसंग आजच्या विषयाशी जोडलेला आहे. 'ऑथेल्लो'चा प्रयोग चालू असताना एक सिनेनटी उशिरा, थाटात प्रेक्षागृहात येते. मधुर जाफरींनी हे काम केलंय. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतात, फोटो निघू लागतात, आणि रंगमंचावरची माणसं क्षणात बिनमहत्त्वाची होतात. सिनेमाने फिरत्या नाटकवाल्यांचं काय केलं, ते या एका प्रसंगात आलंय.

म्हणून मला जुहूच्या पृथ्वी थिएटरचा नियम आवडतो : तिसरी घंटा झाली की दार बंद. मग तुम्ही कितीही मोठे असा. (आपल्या मंडळाचा सहाचा कार्यक्रम आज कधी सुरू झाला, यावर मी काही बोलत नाही.)

हे नाट्यगृह शशी आणि जेनिफर यांनी मिळून उभं केलं. पृथ्वीराज कपूरांना कायमचं थिएटर हवं होतं, पण त्यांच्या हयातीत ते झालं नाही. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते उघडलं. वास्तुरचना वेद सेगन यांची. जागा जेमतेम दोनशे प्रेक्षकांची, तीन बाजूंना प्रेक्षक आणि मधे नट. म्हणजे चेहऱ्यावरची रेष हलली तरी शेवटच्या रांगेला दिसावी. नवरा सिनेमाच्या तीन-तीन शिफ्टमध्ये अडकलेला असे आणि थिएटरचं रोजचं बघणं जेनिफर यांच्याकडे. स्वतःची वास्तू नसलेल्या कंपनीत जी वाढली, तिने दुसऱ्या कंपन्यांसाठी वास्तू चालवली. मला वाटतं, त्यांच्या कुठल्याही भूमिकेपेक्षा हे काम मोठं आहे.

आणि त्या रंगमंचावरचं पहिलं नाटक कुठलं? 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. आपल्या गो. पु. देशपांड्यांचं, मराठीत डॉ. लागूंनी गाजवलेलं. पृथ्वीत ते हिंदीत झालं, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्यासह.

सिनेमात जेनिफर यांच्या वाट्याला थोडंच आलं. हिंदी चित्रपटात गोऱ्या बाईला एक तर क्लबात नाचवायचं, नाहीतर मेमसाहेब करायचं. 'बॉम्बे टॉकी', बेनेगलांचा 'जुनून', 'हीट अँड डस्ट' आणि सत्यजित रायांच्या 'घरे बाइरे'मधली मिस गिल्बी. पण १९८१ चा अपर्णा सेन यांचा '३६ चौरंगी लेन' बघाच. कलकत्त्यात एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका, व्हायलेट स्टोनहॅम; मुलींना शेक्सपिअर शिकवते, मांजराचं नाव सर टोबी. जेनिफर तेव्हा चाळिशीत होत्या, पण चालणं, बसणं, पर्स धरणं, सगळं म्हातारीचं. रंगभूषेने केस पांढरे होतात, पाठ वाकत नाही. ती नटीला वाकवावी लागते. वृद्धाश्रमातल्या तिच्या भावाचं काम केलंय खुद्द जेफ्री केंडल यांनी. लहानपणापासून ज्यांच्याबरोबर नाटकं केली, त्या वडिलांसमोर बहीण म्हणून उभं राहायचं!

या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. पुरस्कार गेला कॅथरिन हेपबर्न यांना. त्याच १९८३ च्या सोहळ्यात 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी आपल्या रोहिणी हट्टंगडींना सहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला, मॉरीन स्टेपल्टन यांच्यासह विभागून.

७ सप्टेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये कर्करोगाने जेनिफर यांचं निधन झालं. पुढे मुलगा कुणाल आणि मुलगी संजना यांनी पृथ्वी सांभाळलं. २८ फेब्रुवारी हा जेनिफर यांचा वाढदिवस. त्या दिवशी उस्ताद झाकिर हुसेन पृथ्वीत तबला वाजवायचे, १९८५ पासून, वर्षानुवर्षं.

आता कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या वर्षीच्या नाट्यवाचनासाठी विनोदी एकांकिकेऐवजी 'उद्ध्वस्त धर्मशाळा' घेऊ या. संहिता मिळवायची जबाबदारी माझी. प्राध्यापक कुलकर्णींच्या कामासाठी कोण तयार आहे, ते चहाच्या वेळी मला येऊन सांगा.