सुळेभावीचे कुमारजी आणि आपले चौंडके

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावहून मिरजेच्या गाडीत बसले की सांबऱ्यानंतर सुळेभावी स्थानक लागते. विणकरांच्या या गावात ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व यांचा जन्म झाला. ‘लोकसंगीताकडे परतलेला प्रयोगशील गायक’ असे आपण सीमाभागातले लोक त्यांच्याविषयी मोठ्या अभिमानाने सांगतो. पण ज्या लोकधुनांनी त्यांचे गाणे बदलले, त्या आपल्या नव्हत्या, माळव्याच्या होत्या.

मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकून तरुणपणीच नावारूपाला आलेले कुमारजी १९४८ च्या सुरुवातीस देवासला गेले, ते क्षयावरील उपचारांसाठी. गाण्याला बंदी असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडल्या पडल्या आसपासच्या बायकांची गाणी त्यांच्या कानांवर पडत राहिली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुना त्यांनी नुसत्या ऐकल्या नाहीत. त्या जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि त्यांतून राग कसा उगवतो याचा शोध घेतला. त्यांच्या धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेल्या, रागांचा जन्म या शोधातून झाला. मालवती, संजारी, लगनगंधार ही त्यांतली काही नावे. अहिमोहिनी तर गारुड्याच्या पुंगीच्या सुरांतून आला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या ग्रंथात यांतले पुष्कळसे काम बंदिशींसह वाचायला मिळते.

आता आपल्याकडे पाहू. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेत जोगतिणींच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायकांच्या, हाती चौंडके दिसते. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला कातडे मढवलेले असते आणि त्या कातड्याच्या मध्यातून तार निघते. वाद्य काखेत धरून तार ओढायची, सैल सोडायची आणि छेडायची, की सूर घसरत वर चढतो आणि तसाच खाली येतो. तीच जोगतीण एक पद मराठीत म्हणते, दुसरे कन्नडमध्ये, आणि कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या भक्तांना त्यात काही वावगे वाटत नाही. (राजकारण्यांना वाटते, पण तो आजचा विषय नाही.)

शहरात इलेक्ट्रॉनिक संगीत करून गावाकडे वळणारे आपले काही तरुण या चौंडक्याचे दहा-वीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण घेतात, ते संगणकावर एका पट्टीत आणि ठरावीक लयीत बसवतात आणि त्यावर आपली रचना उभी करतात. प्रयोगाला माझी मुळीच हरकत नाही. परंतु जो सूर घसरण्यासाठीच जन्मला आहे, तो सरळ केल्यावर चौंडक्याचे फक्त नाव उरते. कुमारजींनी धुनेला रागाच्या साच्यात कोंबले नाही, धुनेच्या चालीने रागाला चालवले. आपल्या तरुणांच्या कामात नेमके हेच राहून जाते.

या तरुणांना माझे सांगणे फार मोठे नाही. पुढच्या यात्रेला पूर्ण रात्र बसावे, पद सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुद्रित करावे, गाणारी कुठे थांबते आणि झीलकरी, म्हणजे मागून साथीला गाणारे, पद कुठे उचलतात ते लिहून ठेवावे. मुद्रण वापरायचे असेल तर तिला आधी विचारावे, ठरलेली बिदागी हातात द्यावी आणि रचनेवर तिचे नाव आपल्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. नमस्कार.