मानाचं पान आरएनएला

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'डीएनए: जीवनाचा आराखडा' असा छापलाय. हे शीर्षक संयोजकांचं. मला बोलायचंय आरएनएबद्दल, म्हणजे डीएनएच्या एकपेडी भावंडाबद्दल. पण पत्रिकेचा विषय निघालाच आहे तर आधी एक तक्रार नोंदवतो. पत्रिका जवळ असेल तर काढा. कोपऱ्यात डीएनएचा दुहेरी गोफ आहे, सोनेरी शाईत. सुंदर आहे. फक्त उलटा आहे.

खालचं वर केल्यानं गोफाचं काही बिघडत नाही, करून बघा. हा आरशातला गोफ आहे. पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या वळणाचा, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. चित्र उभं धरलं की समोरून जाणारा पेड डावीकडून उजवीकडे चढत गेला पाहिजे. तुमच्या हातातला उजवीकडून डावीकडे चढतोय. हे चुकलेले गोफ टिपायचा मला नाद आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं, औषधांच्या जाहिराती, परिषदांची बोधचिन्हं, कुठंही भेटतात. मांडणीत बसावं म्हणून कुणीतरी चित्र आडवं पलटवतं आणि रेणूचं वळणच बदलतं. एका प्रकाशकाला मी पत्र लिहिलं. 'पुढच्या आवृत्तीत अवश्य दुरुस्त करू,' असं उत्तर आलं. पुढच्या आवृत्तीत गोफाचा रंग बदलला होता. (हशा)

मागून कुणीतरी 'झेड-डीएनए' म्हणालं. बरोबर, तो डाव्या वळणाचा असतो. गंमत म्हणजे 1979 साली स्फटिकातून डीएनएची पहिली सविस्तर रचना हाती आली, ती नेमकी त्याचीच. पण त्याचा कणा नागमोडी असतो. संयोजकांच्या चित्रकाराला झेड-डीएनए काढायचा होता, हे मानायला मी तयार नाही.

वळण चुकलं तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. हे वळण डीऑक्सिरायबोज या साखरेच्या घडणीतून येतं. गोफ आरशातला हवा तर साखरही आरशातली लागेल. याच साखरेमुळे प्रत्येक पेडाला दिशा मिळते: एक टोक पाच प्राइम, दुसरं तीन प्राइम. आणि गोफातले दोन पेड परस्परांच्या विरुद्ध दिशेनं जातात. एका पेडावरच्या एसमोर टी, जीसमोर सी, डीएनएच्या चार अक्षरांच्या या जोड्या तुम्ही शाळेत घोकल्यात. जितका ए तितकाच टी, जितका जी तितकाच सी, ही प्रमाणं रसायनशास्त्रज्ञ शारगाफनं आधीच मोजून ठेवली होती, रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण चित्रांत गोफाची खूण उमटली होती, आणि 1953 मध्ये वॉटसन-क्रिकनी हे सगळं जुळवलं. नक्कल होताना प्रत्येक नव्या रेणूत एक पेड जुना आणि एक नवा असतो, हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये जड नायट्रोजन वापरून दाखवलं. फार देखणा प्रयोग, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं.

तर दिशेची गोम अशी. नक्कल करणारं पॉलिमरेज हे एन्झाइम नवं अक्षर फक्त तीन प्राइम टोकालाच जोडतं. म्हणून एक पेड सलग विणला जातो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी. ओकाझाकी पती-पत्नींनी शोधलेले तुकडे ते हेच. शिवाय पॉलिमरेजला कोऱ्या पेडावर श्रीगणेशा करताच येत नाही. आपल्या पेशींत तो करतो आरएनएचा चिमुकला तुकडा, प्रायमर. काम झालं की तो काढून टाकतात आणि त्या जागी डीएनए भरतात. म्हणजे ज्याला आपण आराखडा म्हणून ओवाळतो, त्याला स्वतःची नक्कलसुद्धा आरएनएवाचून जमत नाही, आणि नक्कल झाल्यावर आरएनएची खूणही ठेवली जात नाही.

दुसरी चिठ्ठी. भराभर सांगतो. डीएनएतला मजकूर संदेशवाहक आरएनएवर उतरतो आणि तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. अशा 64 त्रिकुटांपैकी 61 त्रिकुटं 20 ॲमिनो आम्लांसाठी, म्हणजे प्रथिनांच्या साखळीतल्या मण्यांसाठी, उरलेली 3 थांबण्यासाठी. 1961 मध्ये निरेनबर्ग आणि माथाई यांनी नुसत्या यूंचा (आरएनएत टीच्या जागी यू हे अक्षर असतं) आरएनए दिला आणि नुसत्या फेनिलॲलनिन या ॲमिनो आम्लाची साखळी मिळाली. पुढे हरगोबिंद खोराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए घडवून बाकीची कोडी सोडवायला हातभार लावला. आम्लं वाहून आणतो तोही आरएनए. आणि ती एकमेकांना जोडतं कोण? 2000 साली रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, रचना बारकाव्यानिशी दिसली, तेव्हा जोडणीच्या जागी प्रथिन नव्हतंच. तिथंही आरएनए!

शेवटचा पुरावा. पेशी डीएनएची अक्षरं आरएनएच्याच अक्षरांतून बनवते, साखरेतला एक ऑक्सिजन काढून. टी म्हणजे मेथिल गट लावलेला यू. हा खटाटोप कशाला? सी आपोआप बिघडला की त्याचा यू होतो. डीएनएत यू रीतसर असता, तर मूळचा कोणता आणि बिघडलेला कोणता, हे ओळखता आलं नसतं. आता यू दिसला की दुरुस्ती करणारं एन्झाइम तो उचलून टाकतं. अल्पायुषी आरएनएला ही चैन परवडण्याची गरज नाही. यावरून आरएनए आधीचा आणि डीएनए ही त्याची टिकाऊ आवृत्ती, असं मानणाऱ्यांत मी आहे. तो पहिला आरएनए कुठून आला, हा प्रश्न आता कृपया चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांना विचारा.