पंचविशी, जुना आजार आणि स्वतःच्या नावाची पॉलिसी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आरोग्य विम्याबद्दल बोलणार आहे, ते वीस ते तीस वयाच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी. त्यातही ज्यांना लहानपणी किंवा कॉलेजात असताना एखादा आजार मागं लागला आहे, त्यांच्याशी. टाइप वन मधुमेह, फिट्स, दमा, थायरॉइड, हृदयाच्या झडपेचा त्रास, असं काही. मी लातूरमधल्या एका खासगी दवाखान्यात विम्याच्या टेबलावर काम करते. रुग्ण दाखल झाला की त्याची पॉलिसी, आधार कार्ड आणि केसपेपर घेऊन कंपनीकडं कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर दवाखान्याला भरायची, मंजुरी मागायची, हे माझं काम. पॉलिसी विकताना घरच्यांना काय सांगितलं होतं आणि कागदावर काय लिहिलं होतं, यातला फरक पहिल्यांदा माझ्या टेबलावर उघड होतो. त्या वेळी पोरगं वर वॉर्डात असतं आणि बाप माझ्यासमोर उभा असतो.

पहिली गोष्ट पंचविशीची. घरातल्या सगळ्यांची मिळून जी एक पॉलिसी असते तिला फ्लोटर म्हणतात. तिच्यात मुलांची नावं बहुतेक कंपन्या वयाच्या 25 वर्षांपर्यंतच ठेवतात. पुढच्या नूतनीकरणाला नाव गळतं. कंपनी तसं कळवते, पण ते कळवणं ईमेलवर किंवा मेसेजमध्ये येतं आणि वाचायचं राहून जातं. उदगीरकडची एक मुलगी अशीच आमच्याकडं आली होती. टाइप वन मधुमेह, रोज इन्सुलिन, पुण्यात कंत्राटी नोकरी. गावी आली आणि डेंग्यूनं आजारी पडली. वडिलांनी विश्वासानं पॉलिसी पुढं केली. मी नंबर टाकला, तर पॉलिसी चालू होती, पण तिच्यात नावं दोनच: आई आणि वडील. मुलीला पंचवीस पूर्ण झाली होती. त्या वर्षी हप्ता कमी आला म्हणून घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. का कमी आला, हे कुणी विचारलं नाही. सोयाबीन घरात यायच्या आधीच त्या वडिलांना आडत्याकडून उचल घ्यावी लागली.

यातली खरी हळहळ पैशाची नाही. त्या मुलीचं नाव वडिलांच्या पॉलिसीत बरीच वर्षं होतं, तिचा मधुमेह फॉर्मवर लिहिलेला होता आणि जुन्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही तो थांबण्याचा काळ कधीच भरून गेला होता. नाव गळण्याच्या वेळीच कंपनीला अर्ज करून तिची वेगळी पॉलिसी काढली असती, तर भरलेली वर्षं जुन्या विमा रकमेपुरती, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढा खर्च देते तेवढ्यापुरती, तिच्या खात्यावर धरली गेली असती. हा तिचा हक्क होता. आता नवी पॉलिसी काढायची म्हणजे पहिल्या दिवसापासून मोजणी.

ही मोजणी नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत ज्या आजाराचं निदान झालं, किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला किंवा औषधोपचार घेतले, त्याला विम्याच्या भाषेत पूर्वीपासूनचा आजार म्हणतात. एजंट मंडळी त्याला पीईडी म्हणतात. अशा आजारासाठी कंपनी काही काळ खर्च देत नाही. हा काळ पूर्वी जास्तीत जास्त 4 वर्षांचा असायचा. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, 2024 साली तो 3 वर्षांवर आणला. काही कंपन्या दोन वर्षांचा किंवा त्याहून कमी ठेवतात, आणि मधुमेहासाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण देणाऱ्या खास पॉलिसीही आहेत. त्यांचा हप्ता अर्थातच चढा असतो.

म्हणजे बावीसाव्या वर्षी पॉलिसी काढली तर पंचविशीत आजारासकट संरक्षण मिळतं. तिसाव्या वर्षी काढली तर तेहतिशीत. आईवडील म्हणतात, नोकरी पक्की होऊ द्या, मग बघू. त्यांची अडचण मला कळते. पाऊस बेभरवशाचा आणि घरात दुसरं कुणी शिकायला असतं. पण आजार जुना असेल तर हा खर्च पुढं ढकलू नका, असं मी हात जोडून सांगते. रकमेचाही विचार आत्ताच करा. नंतर विमा रक्कम वाढवली तर वाढलेल्या रकमेपुरता थांबण्याचा काळ नव्यानं लागतो.

तीन वर्षं नुसताच हप्ता भरायचा का, असं मला पुष्कळ जण विचारतात. तसं नाही. थांबायचं असतं ते त्या आजारासाठी आणि त्यातून उद्भवलेल्या गोष्टींसाठी. मोटारसायकलवरून पडलात तर अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे. पहिले 30 दिवस गेले की डेंग्यू, टायफॉइड, अपेंडिक्स यांचा खर्च मिळतो, मग तुम्हाला मधुमेह असो की फिट्स. हर्निया, मूतखडा, मोतीबिंदू अशा काही ठरावीक आजारांना मात्र वेगळी मुदत असते, ती पॉलिसीत छापलेली असते. आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर निराशा होणार नाही: रोजचं इन्सुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या, दर महिन्याच्या गोळ्या यांचा खर्च साध्या पॉलिसीतून मिळत नाही. ती दवाखान्यात दाखल होण्यासाठी असते.

आता मी त्या विषयाकडं येते ज्यासाठी आज मी हे भाषण स्वीकारलं. आजार लपवणं.

आपल्याकडं आजार लपवला जातो तो मुख्यतः कंपनीपासून नव्हे, पाहुण्यारावळ्यांपासून. मुलगी लग्नाची असते. फॉर्म भरणारा एजंट गावातलाच, कधी नात्यातला. बाप म्हणतो, “कशाला लिहायलात साहेब, पोरीचं लग्न व्हायचंय.” एजंटलाही पॉलिसी विनाअडथळा निघायला हवी असते. तो फॉर्मवरच्या आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढं ‘नाही’वर खूण करतो. नंतर कंपनीचा फोन येतो: बीपी, शुगर, फिट्स, ऑपरेशन काही आहे का? एजंटनं आधीच सांगून ठेवलेलं असतं, सगळ्याला नाही म्हणा. मुलगी नाही म्हणते. तो फोन रेकॉर्ड होतो.

पुढं काय होतं ते सांगते. दोन-तीन वर्षांनी ही मुलगी दाखल होते. ड्यूटीवरचा डॉक्टर तिला पहिला प्रश्न विचारतो, शुगर कधीपासून आहे? जीव घाबरा झालेला असताना आई खरं तेच सांगते: “नववीत असल्यापासून.” डॉक्टर केसपेपरवर एक ओळ लिहितो: टाइप वन मधुमेह, गेली नऊ वर्षं. ही एक ओळ कंपनीकडं जाते. तिथं फॉर्म काढला जातो. फॉर्मवर ‘नाही’. मग नुसता हा क्लेम, म्हणजे खर्चाची मागणी, जात नाही. माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द होऊ शकते. भरलेले हप्ते, झालेली वर्षं, सगळं जातं, आणि पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न असतोच: याआधी तुमची पॉलिसी कुणी नाकारली किंवा रद्द केली आहे का?

काही जण सांगतात, पाच वर्षं गुपचूप काढा, मग कंपनी काही करू शकत नाही. हा अर्धवट सल्ला आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, हे खरं आहे. ही मुदत आधी 8 वर्षांची होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही, आणि माहीत असताना ‘नाही’ म्हटलेलं रेकॉर्डिंग कंपनीकडं असतं. शिवाय त्या पाच वर्षांत पोरगं आजारी पडणारच नाही, हे कुणी सांगावं?

फॉर्मवर लिहिलेला आजार गावात पोचत नाही. एजंट नात्यातला असेल आणि तीच भीती असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. कंपनीच्या शाखेत जा, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः भरा. प्रत्येक उत्तर स्वतः वाचून भरा, कधीपासूनचा आजार, कोणतं औषध, सगळं. पॉलिसी आली की तिच्यासोबत तुमच्या अर्जाची प्रत येते, ती उघडून बघा. ‘नाही’ची खूण चुकीची दिसली तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी पटली नाही तर परत करायला 30 दिवस असतात.

केसपेपरबद्दल एक जपायची गोष्ट आहे. घाईत डॉक्टरकडून वर्षं चुकीची लिहिली जातात. दोन वर्षांपूर्वी निदान झालेलं असतं आणि काका शेजारून म्हणतात, पाच-सहा वर्षं झाली असतील. तेच कागदावर उतरतं. दाखल होताना माहिती एकाच माणसानं द्यावी, ज्याला नक्की माहीत आहे त्यानं. पहिल्या निदानाचा रिपोर्ट घरात जपून ठेवा. चूक झालीच, तर डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घ्या आणि तो पहिला रिपोर्ट त्याला जोडा.

खरं लिहिल्यावर कंपनी साधारणपणे तीनपैकी एक उत्तर देते: नेहमीच्या हप्त्यात पॉलिसी, वाढीव हप्त्यात पॉलिसी, किंवा नकार. टाइप वन मधुमेहात नकार येतो, आणि मी तो पुष्कळदा पाहिला आहे. चोवीस वर्षांच्या मुलाला तो फार लागतो, जणू त्याचंच काही चुकलं. एका कंपनीचा नकार म्हणजे सगळ्यांचा नाही. कारण लेखी मागा आणि दुसरीकडं अर्ज करा. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात असल्याचे रिपोर्ट सोबत असतील तर फरक पडतो. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी उठला आहे, त्यामुळं पूर्वी परवडत नव्हतं त्यांनी पुन्हा चौकशी करावी.

नोकरी असेल तर पगारपत्रक वाचा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि कारखाना किंवा आस्थापना ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, येत असेल, तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. वाळूजला, शेंद्र्याला काम करणाऱ्या पोरांना ही कपात दिसते, पण तिच्यावर दवाखाना मिळतो हे माहीत नसतं. ईएसआय जुना आजार विचारत नाही. मोठ्या कंपनीत सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून गट विमा असतो, त्यातही बहुतेक वेळा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. तो नोकरीबरोबर संपतो. म्हणून राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करा, नंतर नाही.

आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मराठवाड्यातल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना तिचा लाभ आधीपासून होता, आता ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. इथं जुना आजार आड येत नाही, हप्ता नाही, थांबणं नाही. ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्याच दवाखान्यात मिळते, तिथं मदतीला योजनेचे आरोग्यमित्र बसलेले असतात. चौकशीचा नंबर 155388.

या योजनेत नव्यानं लग्न झालेल्या मुलींची फार ओढाताण होते. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या शिधापत्रिकेत चढलेलं नसतं. मधल्या काळात ती कुठल्याच कार्डावर नसते, आणि नेमकं तेव्हाच बाळंतपण किंवा आजारपण येतं. आईवडिलांनो, नाव कमी केल्याचा दाखला मुलीच्या हातात द्या, आणि सासरच्यांनी तो त्याच महिन्यात तहसीलला नेऊन नाव चढवून घ्यावं.

शेवटी, क्लेम चुकीच्या कारणानं नाकारला गेला तर. डेंग्यूनं दाखल झालात आणि मधुमेहाचं कारण पुढं करून खर्च नाकारला, असं घडतं. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या की या दाखल होण्याचा त्या जुन्या आजाराशी संबंध नाही. ते पत्र जोडून आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी तक्रार करा. आयआरडीएआयचा मोफत नंबर 155255 आहे, तिथंही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जा. मराठवाड्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, फी नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथं चालतात. अट एवढीच की कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. म्हणून तक्रारीवर आलेलं ते अंतिम उत्तराचं पत्र रागानं फाडू नका. ते हातात आल्यापासून तुमचं ते वर्ष मोजलं जातं.

नमस्कार.